व्याह्यांकडची खुर्ची

१

हे लिहून काढा, असा हट्ट आमच्या बायकोचा. मला हौस नाही. चौथीनंतर शाळेचं आणि माझं पटलं नाही ते नाहीच. पण ती म्हणते, "दर खेपेला नव्या माणसाला नव्याने सांगता, आणि सांगताना इतके ओरडता की शेजारी येऊन विचारतात, कुणी पडलं का. एकदा कागदावर उतरवा आणि जो विचारेल त्याच्या हातात द्या." तिला काय जातंय सांगायला. पेन तिनेच आणलं, चष्मा शोधून दिला, आणि आता समोर भाजी निवडत बसली आहे, मी उठतो का ते बघायला. म्हणून लिहितो. शुद्धलेखन ज्याला तपासायचं असेल त्याने आधी स्वतःचं तपासावं.

वेताच्या खुर्च्या विणणं हा माझा धंदा. बैठक फाटली की लोक खुर्ची आणून टाकतात. मी जुना वेत कापून काढतो, नव्या पट्ट्या पाण्यात भिजवतो, उभ्या, आडव्या, मग तिरप्या ओढून बैठक ढोलासारखी ताणून देतो. प्लास्टिक आलं आणि बाकीचे सगळे दुसऱ्या कामाला लागले. मी हट्टी म्हणून राहिलो.

एक दिवस दुकानात एक जोडपं आलं. ती दातांची डॉक्टर. तो बसस्थानकावर गाड्या पुकारणारा, आणि माणसांशीही तसाच बोलायचा, जणू समोर फलाट भरलाय.

"काका, आम्हाला डेस्टिनेशन वेडिंग करायचंय," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे जिथे आपलं कुणीच राहत नाही, तिथे जाऊन सगळ्यांना बोलवायचं," तो म्हणाला.

"मग पाहुण्यांनी काय पाप केलंय?"

ती खळखळून हसली. टोमणा कळणारी माणसं मला आवडतात, म्हणून पुढचं ऐकून घेतलं.

लांब गावाकडे त्यांनी एक कुरण भाड्याने घेतलं होतं. कडेने ओढा, एका टोकाला मालकाचं घर, दुसऱ्या टोकाला दगडी कोठार. मंडप नको, झगमगाट नको, भाड्याच्या खुर्च्या तर नकोच. प्रत्येक पाहुण्याने घरातली एक जुनी खुर्ची आधी पाठवून द्यायची, आणि लग्नाच्या दिवशी कुरणात आपापल्या खुर्चीत बसायचं. मोडक्या-तुटक्या मी नीट करायच्या, तिथेच कोठारात मुक्काम टाकून.

खुळचटपणा, असं मी मनात म्हटलं. तोंडावरही म्हटलं. तरी गेलो.

२

गेलो ते बरं झालं. असं काम करणारी पोरं मी पाहिली नव्हती. सुट्टी मिळाली की दोघं यायची. ती तिची दात कोरायची हत्यारं घेऊन बसायची आणि नक्षीतला पिढ्यान्‌पिढ्यांचा मळ काढायची. "आत्याच्या खुर्चीला कीड लागलीये काका, उपटावा लागणार हा पाय," असं म्हणायची. आणि तो खुर्च्या वाहायचा. वाहताना पुकारायचा, "आत्याबाईंची खुर्ची फलाट क्रमांक दोनवर येत आहे, कृपया पाय सांभाळा," आणि तिथेच उंबऱ्याला अडखळून खुर्ची आपटायचा. पाहुण्यांनी जेवढ्या मोडून पाठवल्या नव्हत्या तेवढ्या याने मोडल्या. मग ती ओरडायची, तो उलटून ओरडायचा, आणि कोण कुणाशेजारी बसणार यावरून दोघांचं असं जुंपायचं की ओढ्यावरचे बगळे उडायचे. मी याचं नाव पुकाऱ्या ठेवलं, तिचं दातवाली. एकमेकांशी इतकं मनापासून भांडणारी माणसं आयुष्यभर टिकतात. माझा अनुभव समोर भाजी निवडतोय.

खुर्ची बघून माणूस कळतो. कुणी एकाच हातावर रेलतो, कुणी पुढच्या काठावर बसतो, उठून पळायच्या तयारीत. कोठारात त्या खुर्च्या ओळीने लावल्या की सगळे नातेवाईक आधीच येऊन बसल्यासारखे वाटायचे.

त्यात एक होती. कुठल्या तरी टेम्पोतून बाकीच्यांबरोबर उतरली. काळसर लाकूड, खिळा नाही, सांधा शोधूनही सापडेना. बैठक वेताची, इतकी एकसारखी की उजेडात धरली तर प्रत्येक भोकातून सारखा प्रकाश. मी कुणाचं कौतुक सहसा करत नाही. पण त्या खुर्चीपुढे मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"ही कुणाची गं?"

"त्याच्याकडची असणार," दातवाली हळूच म्हणाली. "विचारू नका हं काका. मागे त्याच्या घरी काकूच्या स्टुलाला मी मोडका म्हटलं तर काकूने आठवडाभर अबोला धरला."

पुकाऱ्याला विचारलं तर तोही कुजबुजला, "हिच्या मामांकडची. एवढं भारी सामान त्यांच्याकडेच. विचारायला जाल तर मामा तासभर किंमत सांगतील."

घरचं झालं थोडं आणि व्याह्यांनी धाडलं घोडं. दोघांनीही घोडं दुसऱ्याचं समजून बांधून घेतलं.

मी ती उलटी करून बघितली. वेताचं शेवटचं टोक कसं दडवलंय यावरून विणणारा ओळखू येतो. माझ्या बापाची एक पद्धत होती, टोक दोनदा फिरवून डावीकडे खोचायचं. त्याने ती मला शिकवली, मी कुणाला शिकवली नाही. त्या बैठकीखाली तीच गाठ होती. आणि ही खुर्ची मी जन्मात पाहिली नव्हती. बापाचं काम म्हणावं, तर वेत कालचा वाटावा इतका ताजा.

विसरलो असेन, असं म्हटलं. म्हातारपणी माणूस काय काय विसरतो. पण इतकं चांगलं काम आपल्या हातून झालं असतं तर मी ते गावभर सांगितलं असतं, हेही खरं.

३

वेताची बैठक बोलते. माणूस बसला की एक दबका आवाज होतो, उठला की पट्ट्या परत ताणल्या जातात आणि करकर करकर करत हळूहळू गप्प होतात. हे आवाज माझ्या कानात आयुष्यभर आहेत.

भर दुपारची गोष्ट. मी दाराकडे तोंड करून जेवत होतो. पोरं आली नव्हती. मागे करकर झाली. कुणीतरी उठलं. कुरणाचा मालक असेल म्हणून न बघताच म्हटलं, "बसा की, उठता कशाला?" वळून बघितलं तर खुर्च्या आणि धूळ.

ऊन तापलं की वेत आकसतो, आवाज करतो. हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय. स्वतःलाही सांगितलं.

पुढे एका दुपारी दुसरा आवाज झाला. बसल्याचा. मी घास हातात धरून थांबलो, आता उठल्याचा येईल. नाही आला. बराच वेळ बसून राहिलो. शेवटी ताट झाकून बाहेर ओढ्यावर गेलो, आणि तिथेही कान मागेच होते.

ऊन उतरल्यावर परत येऊन मी त्या काळ्या खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. मधोमध खोलगट झाली होती, वर्षानुवर्षं कुणी बसावं तशी. गरम लागेल असं वाटलं होतं. गार होती. गरम असती तर मांजर म्हणून मोकळा झालो असतो.

बोललो नाही कुणाला. काय बोलणार? खुर्चीत कुणी नाही आणि ते उठत नाही, असं? पोरांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि डॉक्टर घरातच होती.

४

पुकाऱ्याची स्वतःची खुर्ची आली नव्हती. त्याचे आईबाप लहानपणीच गेले. काका-काकूंनी वसतिगृहात घातला. "तिथे बाकं होती काका," तो हसत म्हणाला. "बाक काय उपटून आणू?" आणि सहज त्या काळ्या खुर्चीत बसला.

हा लांबोडका, कुठल्याच खुर्चीत मावायचा नाही. गुडघे वर, कोपरं बाहेर. त्या खुर्चीत मात्र मापाने शिवल्यासारखा बसला. खुर्चीचे हात जिथे झिजले होते तिथेच याची कोपरं टेकली.

"अरे," तो म्हणाला. हा माणूस 'अरे'वर थांबलेला मी पहिल्यांदा बघितला.

मग आला की तिथेच बसायला लागला. आणि सुधारायला लागला. खुर्च्या आपटेना. पुकारेना. बोलायचा ते हळू, समोरच्याचं पूर्ण ऐकून. माझं पाण्याचं भांडं मागितल्याशिवाय भरून ठेवायचा. काकूने फोनवर सांगितलं म्हणे, लग्न ठरलं आणि पोरगं माणसात आलं. कुरणाचा मालक म्हणाला, जावई असावा तर असा. मीही म्हटलं, खोटं कशाला सांगू. इतका गुणी पोरगा मी पाहिला नव्हता. फक्त तो काम करताना आता मला एकटं वाटायचं.

एका दुपारी दातवालीने हातातलं हत्यार खाली ठेवलं. तो आत, कोठाराच्या मागच्या भिंतीशी, आमच्याकडे पाठ करून खुर्चीत बसला होता.

"काका, हा हल्ली भांडत नाही."

"पेढे वाट मग."

"काल मी मुद्दाम म्हटलं, तुझे ते दोन मित्र मला लग्नात नकोत. वसतिगृहात एका ताटात जेवलेत तिघं. त्याने मला फाडून खायला हवं होतं. तो म्हणाला, 'तुला बरं वाटेल तसं.'" तिचे डोळे भरले. "सगळे मला म्हणतात, नशीब काढलंस. पण मला हा नको आहे काका. माझा मला परत नाही मिळाला, तर मी हे लग्न करणार नाही."

५

तेव्हा मला विचारायचं सुचलं. "ती खुर्ची तुझ्या मामाचीच ना?"

"माझ्या मामाची? ती तर त्याच्या काकांची."

मग तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावले. काकूने घडीची लोखंडी खुर्ची पाठवली होती, दुसरी नाही. मामाचा आवाज तर फोन कानापासून लांब धरूनही मला ऐकू आला. "काळी? आमच्या घरात काळं लाकूड? अगं, माझी लाल गादीची आहे, सिंहासन आहे सिंहासन, मी स्वतः घेऊन येणार आहे."

पुकाऱ्या हे सगळं ऐकत होता. त्याने मान वळवली नाही.

"ऊठ रे," ती म्हणाली.

"उठतो हं," तो गोड आवाजात म्हणाला. उठला नाही.

तिने मनगट धरून ओढलं. हात लांब झाला, अंग हललं नाही. "जड आहे काका," ती म्हणाली. मी दुसरा हात धरला. मी जन्मभर सामान उचललंय, वजन मला कळतं. त्या काडीसारख्या पोराचं ते वजन नव्हतं. आणि तो आमच्याकडे बघून हसत होता, आपल्यामुळे लोकांना त्रास होतोय म्हणून ओशाळल्यासारखा.

मी हात सोडला. तिने नाही सोडला. ती त्याच्या कानाशी वाकली आणि बसस्थानकावरच्या आवाजात पुकारायला लागली. वाईट, मुद्दाम वाईट.

"प्रवाशांनी लक्ष देऊ नये. फलाट क्रमांक आठवत नाही, तिथून गाडी सुटण्याची शक्यता आहे. कुठली गाडी ते चालकाला विचारावं."

त्याच्या कपाळाला आठी पडली.

"गाडीला उशीर झाल्याबद्दल आम्हाला काहीही वाटत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी चालत जावं."

"असं नसतं," तो पुटपुटला.

"ही घोषणा पुन्हा होणार नाही, कारण मला कंटाळा आलाय."

"अगं बावळट, घोषणा दोनदा करतात," तो तारस्वरात ओरडला, "म्हातारी माणसं असतात, पोरं कडेवर घेतलेल्या बायका असतात, एकदा सांगून कुणाला कळतं? तुला कुणी बसवलं माईकवर?" आणि तिला झापायला तो ताडकन उठला. दोघं माझ्या वेत भिजवायच्या टबात जाऊन पडली. ती रडत होती आणि तो तिला माईक कसा धरायचा ते सांगत होता.

मी खुर्चीकडे बघत होतो. तो उठला, पण करकर झाली नाही. बैठक तशीच दबलेली, खोल. मग अगदी हळू एक पट्टी वाजली, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. बाजूचा माणूस उठून जागा झाली की आपण जसे सरकून नीट मध्ये बसतो, तसा तो खोलगटपणा मध्यभागी सरकला. आणि थांबला.

मी पोरांना बाहेर काढलं.

६

जाळायची होती मला. पण तिला हात लावून बाहेर न्यायचं कुणी? शेवटी एक जाड गोणपाट वरून टाकलं, सुतळीने आवळलं आणि गवताच्या भाऱ्यांमागे ढकलली. लांब काठीने ढकलली, हेही लिहितो.

लग्नाचा दिवस काय सुंदर उजाडला. हिरव्या कुरणात एकासारखी दुसरी नाही अशा खुर्च्या, प्रत्येकीत तिचा माणूस. आत्या तिच्या हातावर रेललेली, काकू घडीच्या खुर्चीत ताठ. वसतिगृहाचे दोघं मित्रही आले होते. मी बघत राहिलो. ज्याला खुळचटपणा म्हटलं होतं, त्याच्यासारखं देखणं लग्न मी पाहिलेलं नाही.

मामा आला गाडीभर आवाज घेऊन. कपड्यांना नावं, रस्त्याला नावं, उन्हाला नावं. माझ्यासारखाच, म्हणून आमचं क्षणभरही जमलं नाही. त्याचं सिंहासन गाडीतून उतरवायला पुकाऱ्या धावला, मोठ्याने फलाट क्रमांक सांगत, आणि अर्थातच आपटला. पाय मोडला. सिंहासनाचा.

"आता मी काय गवतावर लोळू?" मामा गरजला आणि कोठारात शिरला. भाऱ्यांआडून, गोणपाटाखालचा काळा पाय डोकावत होता.

"ती नाही," मी म्हटलं. "माझा स्टूल घ्या."

"का? ती कुणाची?"

"कुणाची नाही."

"कुणाची नाही म्हणजे तुमची होणार, असंच ना?" तो दाराशी येऊन सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "बघा हो, चांगली वस्तू गोणपाटात बांधून ठेवलीये म्हाताऱ्याने. रात्री घरी न्यायला. चोर आहे हा चोर."

जन्मभर लोकांच्या खुर्च्या माझ्या दुकानात पडून असतात. एक पट्टी इकडची तिकडे नाही. नवरी मालकाच्या घरात तयार होत होती, पुकाऱ्यालाही मुंडावळ्या बांधायला आत नेलं होतं. ती असती तर तिने त्याला थांबवलं असतं. मी आडवा जाईपर्यंत त्याने सुतळी तोडली, खुर्ची उचलून पहिल्या रांगेत नेली आणि माझ्याकडे बोट रोखून बसला.

"असल्या चोराला तर मी..."

तिथेच थांबला. बोट हळूहळू खाली आलं.

"तुम्ही उभे का?" तो मला म्हणाला. "बसा ना. दमला असाल."

लग्न छान लागलं. पुकाऱ्याने हार पाडला, तो उचलताना तिच्या पायावर पाय दिला, आणि सगळ्यांसमोर भांडून दोघं हसायला लागली. त्या हसण्यात मी बाकी सगळं विसरायला बघत होतो. मग तिला पहिल्या रांगेतली खुर्ची दिसली. ती तशीच धावत गेली. "मामा, ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ."

तो सहज उठला. पिसासारखा. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाला, "सुखी राहा." तिने सुटकेचा श्वास टाकला. गाणी चालू होती. त्या गोंगाटात वेत वाजला की नाही, कुणाला कळणार.

खुर्ची तो घरी घेऊन गेला. मला रीतसर विचारून.

७

पोरं अजून दुकानात येतात, दाराबाहेरूनच भांडणं ऐकू येतात. एकदा दातवाली म्हणाली, "मामा इतके बदललेत, मामी खूश आहे, सगळे नावाजतात. काका, मला भीती वाटते. मी कितीदा जाऊन त्यांना डिवचलं. ते नुसते हसतात. तुम्ही एकदा बघून या."

मी गेलो. मला चोर म्हणालेला माणूस होता तो, हिशेब बाकी होता, जाणं भागच होतं.

खोली लख्ख. खिडकीशी ती खुर्ची, तिच्यात मामा. मी टेकायच्या आतच म्हणाला, "त्या दिवशी मी तुमच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवलं. चारचौघांत. तुमच्या वयाचा मान ठेवला नाही. मला माफ करा." इतक्या चांगल्या शब्दांत माझी कुणी माफी मागितली नव्हती. मामीने डोळ्यांना पदर लावला. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं.

मग तो मला पोचवायला उठला. दारापर्यंत आला, पावलांचा आवाजसुद्धा नाही. सवयीने मी मागे वळून बैठक बघितली.

ती दबलेलीच होती. जड माणूस बसावा तशी, काठापर्यंत. आणि पट्ट्या वाजत होत्या. एक, मग दोन, मग सगळ्या एकदम, दोन्ही हातांवर जोर देऊन कुणी उठायला बघतंय आणि परत खाली पडतंय तशा.

"मग केलंत ना माफ?" दारातला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

तेव्हापासून दर आठवड्याला जातो. तो मामीला बाजारात मदत करायला गेला की मोलकरीण मला आत घेते. मी त्या रिकाम्या खुर्चीपुढे स्टूल ओढून बसतो आणि मला येतात तेवढ्या शिव्या देतो. त्याच्या सिंहासनाला देतो, लाल गादीला देतो, आवाजाला देतो. पट्ट्या करकरतात. मागच्या खेपेला बैठक बोटभर वर आली होती. शेजारी म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मामी म्हणते, एवढी माफी मागून झाली, आता आणखी काय हवं यांना? बायकोही तेच म्हणते.

दारातल्या माणसाने मला कधी चोर म्हटलं नव्हतं. त्याच्या माफीचं मी काय करू? ज्याने म्हटलं तो अजून बसलाय. तो उठेल, उठल्या उठल्या माझा उद्धार करेल, मग मागेल. मला ती त्याच्याच तोंडून हवी आहे. मामाच्या.